दृश्य प्रकाश चकतीचा की झोताचा?

वर एकांनी म्हटलंय की सक्रिय दीर्घिकांचा (ज्यांच्या गाभ्यातलं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असतं अशांचा) सगळा दृश्य प्रकाश कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या चकतीतून येतो. बऱ्याच क्वासारांबाबत, म्हणजे अतिशय तेजस्वी सक्रिय गाभ्यांबाबत, ते पटतं, पण एम ८७ ही दीर्घिका विसरून कसं चालेल? १९१८ साली खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिसने तिच्या गाभ्यातून निघालेली सरळ रेघ (हाच तो झोत, गाभ्यातून फेकलेल्या कणांचा अरुंद प्रवाह) नोंदवली आणि १९५६ मध्ये वाल्टर बाडेने त्या रेघेचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असल्याचं दाखवलं.

ध्रुवण म्हणजे काय ते आमच्या हर्णै बंदरात नीट कळतं. उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत घुसते. पोलराइज्ड चष्मा हातात धरून हळूहळू फिरवला की ती विझते, खालचं शेवाळ दिसू लागतं. आणखी फिरवला की पुन्हा पेटते. नुसत्या तापलेल्या वायूचा उजेड असा विझत नाही. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे सिंक्रोट्रॉन प्रकाश, मात्र मंदावतो. म्हणजे त्या रेघेचा प्रकाश तापलेल्या चकतीचा नव्हे, झोताचाच.

मला खरं थक्क करतं ते पुढचं. दृश्य प्रकाश देणारे हे इलेक्ट्रॉन काही शतकांतच ऊर्जा गमावतात, आणि झोत तर हजारो प्रकाशवर्षं लांब! म्हणजे वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा वेग मिळत असणार. ब्लेझार नावाच्या सक्रिय दीर्घिकांत तर झोत आपल्याकडेच रोखलेला असतो. तिथे चकती अनेकदा त्याच्या उजेडात पार बुडून जाते.