मदत हवी आहे: फटीशिवाय ग्रेटिंगने ताऱ्याचा तेजस्विता वर्ग (बटू, राक्षसी की महाराक्षसी) काढता येईल का?

मुलुंडच्या गच्चीवरून ८० मिमी दुर्बीण, डीएसएलआर आणि मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेषांची काच) लावून वर्णपट घेतोय. प्रकाश अरुंद पट्टीतून आत सोडणारी फट नाही, त्यामुळे विभेदन (जवळच्या रेषा वेगळ्या दिसणं) बेताचंच.

तापमानाचा वर्ग बऱ्यापैकी जमतो. अभिजितच्या हायड्रोजन रेषा ठसठशीत येतात, काक्षी ताऱ्याचे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे तर शाळकरी पोरंही ओळखतात. गाडी अडते पुढे. राजन्य आणि मघा हे दोन्ही तारे बी८ या तापमान वर्गाच्या आसपास, पण राजन्य महाराक्षसी, पृष्ठभागावरचं गुरुत्व कमी, म्हणून त्याच्या रेषा अरुंद. मघेच्या रुंद, पण ती साधारण १६ तासांत स्वतःभोवती फिरते. मग रुंदी गुरुत्वाची किती आणि भ्रमणाची किती?

म्हणून समतुल्य रुंदी (रेषेने एकूण किती प्रकाश शोषला याचं माप) मोजली, ती भ्रमणाने बदलत नाही. तरंगलांबी अभिजितच्या ४८६.१ आणि ४३४.० नॅनोमीटरच्या रेषांवरून बसवली, कॅमेऱ्याच्या प्रतिसादाची दुरुस्तीही केली. पण ही रुंदी तापमान आणि तेजस्विता दोन्हींवर अवलंबून. माप एक, अज्ञात दोन!

कॅमेऱ्याचा मूळ फिल्टर तसाच आहे. ४०० नॅनोमीटरच्या खाली काही हाती लागत नाही (हिवाळ्यातल्या धुरक्यात तर विचारूच नका), म्हणजे कॅल्शियमची के रेषा बाद. फटीचं उपकरण बजेटबाहेर. लंबनावरून (म्हणजे अंतरावरून) निरपेक्ष प्रत, म्हणजे खरी तेजस्विता, काढता येते, पण वर्ग वर्णपटातूनच काढायचाय.

४०० ते ६५० मध्ये, एवढ्या विभेदनात, बी-ए ताऱ्यांसाठी दुसरी कोणती रेषा किंवा गुणोत्तर मोजू? की फटीशिवाय हा नाद सोडावा?