लॅममध्ये फुप्फुसाभोवती पुन्हा पुन्हा साचणारे दुधाळ पाणी: आधी औषध की प्लुरोडेसिस?

प्रश्न
माझ्या धाकट्या बहिणीला लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस, म्हणजेच लॅम, हा फुप्फुसांचा दुर्मीळ आजार असल्याचे निदान झाले आहे. तिच्या उजव्या फुप्फुसाभोवती दुधासारखे पांढरे पाणी साचते. ते सुईने काढले की तिला बरे वाटते, पण थोड्याच दिवसांत पुन्हा धाप लागू लागते. एका डॉक्टरांनी प्लुरोडेसिस, म्हणजे पाणी साचायला जागा उरू नये म्हणून फुप्फुसाचे आवरण छातीच्या आतल्या बाजूला चिकटवणे, सुचवले आहे, तर दुसरे आधी सिरोलिमस हे औषध देऊन पाहू म्हणतात. कोणता उपाय आधी करावा, आणि तोवर पाणी काढत राहिल्याने काही अपाय होतो का?

उत्तर १
हे पाणी म्हणजे काइल, आतड्यांत शोषलेली चरबी वाहून नेणारा लसीकाद्रव (लिम्फ). लॅमच्या पेशी लसीकावाहिन्यांमध्ये वाढून वाट अडवतात आणि तो द्रव छातीच्या पोकळीत झिरपतो. त्यात ट्रायग्लिसराइड ही चरबी 110 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून अधिक आढळले की निदानाला बळकटी येते. धाप लागली असता पाणी काढणे भागच असते, मात्र प्रत्येक वेळी त्याबरोबर प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि लिम्फोसाइट या संसर्गाशी लढणाऱ्या पेशीही जातात, त्यामुळे दीर्घकाळ तेवढ्यावरच विसंबल्यास वजन घटते आणि प्रतिकारशक्ती खालावते.

उत्तर २
माझे मत स्पष्टपणे सिरोलिमसच्या बाजूने आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि जपानी रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही, काइल साचणाऱ्या लॅमच्या रुग्णांना शस्त्रक्रियेसारख्या उपायांआधी हे औषध द्यावे असे सुचवले आहे, कारण ते या पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर या पेशींमधील संदेशमार्गालाच आवर घालते. परिणाम दिसायला काही महिने लागू शकतात; एवढ्यात गुण नाही म्हणून औषध सोडू नका. तोंड येणे, कोलेस्टेरॉल वाढणे, संसर्ग होणे यांवर लक्ष ठेवावे लागते आणि रक्तातील औषधाची पातळीही तपासावी लागते. जखमा भरण्यास ते विलंब लावते, म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास शल्यचिकित्सकांना त्याची आधीच कल्पना द्या.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आहारात बदल केल्याने पाणी कमी होईल का?

उत्तर ३
काही अंशी होऊ शकते. मध्यम शृंखलेची मेदाम्ले लसीकावाहिन्यांऐवजी बहुतांशी थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोषली जातात, म्हणून एरवीची चरबी कमी करून अशा मेदाम्लांचे तेल (एमसीटी तेल) देतात. परंतु मूळ आजार त्याने हटत नाही, आणि आधीच कृश झालेल्या रुग्णाने आहारतज्ज्ञाविना असे पथ्य करू नये. प्लुरोडेसिसचा निर्णय घेण्यापूर्वी पुढे कधी फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते का, हे जरूर विचारा, कारण चिकटलेल्या आवरणामुळे त्या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणखी एक, लॅममध्ये फुप्फुस फुटून हवाही साचू शकते. छातीत अचानक तीव्र कळ येऊन श्वास कोंडला, तर पाणीच वाढले असेल असे गृहीत धरून थांबू नका, तत्काळ रुग्णालयात न्या.