प्रतिसाद: लाकूड नसलं तरी काडी उभी राहते

वर म्हटलंय की रोपाला उभं धरतं ते लाकूडच. मग महात्मा फुले मंडईतून आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत मान का टाकते? ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह; त्यातल्या मऊ, पातळ भिंतींच्या मूल ऊतींच्या पेशींत पाण्याचा दाब आहे तोवरच तिचा ताठा. काडीवरून नख फिरवा, उभे कंगोरे लागतील. तिथे स्थूलकोन ऊती: पेशी जिवंत, भिंती कोपऱ्यांत सेल्युलोज-पेक्टिन या द्रव्यांनी जाड, म्हणून वाढत्या काडीबरोबर ताणल्या जातात. दृढ ऊतींना, म्हणजे कडक भिंतींच्या ऊतींना, हे जमत नाही. भिंतीवर लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, चढलं की पेशी बहुधा मरते, भिंत तेवढी राबते. अंबाडीचा वाख (दोरासाठीचे तंतू) त्यातलाच. पेरूच्या गरात (बियांची सोडून) दाताखाली जी कचकच लागते तीही दृढ ऊतीच. तिथे आधार कुणाला हवाय, देव जाणे!