मेअखेरीस ग्रँड कॅन्यनमध्ये गटाने उतरणे कितपत योग्य?

आतकरवाडी:
मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फिनिक्समधील आम्ही अकराजण ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून खाली उतरण्याच्या विचारात आहोत. पुण्याहून आलेले माझे आईबाबाही बरोबर असतील. दोघांनी साठी ओलांडली आहे, मात्र बाबा आजही दर रविवारी सिंहगड चढतात आणि साडेचार मैल म्हणजे काहीच नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. सकाळी नऊच्या सुमारास निघून ब्राइट एंजल वाटेने साडेचार मैलांवरच्या हवासुपाई गार्डन्स या थांब्यापर्यंत जायचे आणि त्याच दिवशी परतायचे, असा सध्याचा बेत आहे. गटातील दोन तरुणांचा तर थेट कोलोरॅडो नदी गाठण्याचा हट्ट आहे. ज्यांनी गट घेऊन ही वाट केली आहे, त्यांनी उन्हाच्या दृष्टीने हा बेत कसा वाटतो आणि माणशी किती पाणी न्यावे, हे कृपया सांगावे.

घसारा:
नऊला निघणे रद्द करा. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळेत दरीत चालू नये, असे उद्यानाचे अधिकारीच सांगतात, आणि तुमचा बेत नेमका त्याच वेळेत बसतो. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नसल्यामुळे मेअखेरीस सव्वापाचलाच सूर्य उगवतो, तेव्हा पाचला वाटेला लागा. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परतण्याचा प्रयत्न करू नये, अशा पाट्या वाटेवरच लावलेल्या आहेत. त्या तरुणांना पाट्यांसमोर उभे करून फोटो काढा आणि विषय संपवा.

कातळमाची:
मी हीच वाट दोनदा गट घेऊन केली आहे, आणि पहिल्या खेपेला चूक केली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या सह्याद्रीत दमछाक आधी होते. गड चढताना पाय बोलू लागले की माणूस मेटावर, म्हणजे वाटेतल्या सपाट टप्प्यावर, बसतो, फारच झाले तर तिथूनच मागे फिरतो, आणि परतीला उतारच असतो. इथे सगळे उलटे आहे. सकाळच्या गारव्यात उतरताना प्रत्येकाला आपण तरुण असल्याचा भास होतो, आणि चढ सुरू होतो तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते, पाणी निम्म्यावर आलेले असते आणि मागे फिरण्याची सोय उरलेली नसते. हवासुपाई गार्डन्सपर्यंतचा उतार तीन हजार फुटांहून किंचित अधिक, म्हणजे सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेच्या साधारण दीडपट आहे. या जाण्यायेण्यास उद्यान सहा ते नऊ तास धरते, आणि चढाला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरण्याचा तेथील नियम ज्येष्ठांच्या बाबतीत मला तंतोतंत खरा वाटला. म्हणून बेत अंतरावर आखू नका. गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला भर उन्हात चढायला किती वेळ लागेल, त्यावर आखा.

दुसरी गोष्ट तापमानाची. काठ सुमारे सात हजार फुटांवर असल्याने मे महिन्यात दुपारीही तिथे सरासरी एकवीस अंशांच्या आसपास असते आणि आपण निर्धास्त होतो. त्याच वेळी तळाशी पारा तेहतीसपर्यंत जातो, आणि जूनमध्ये अडतीसपर्यंत. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. आमच्यातील एकाच्या काळ्या टी-शर्टवर पाठीच्या पिशवीच्या पट्ट्यांखाली मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते आणि तो म्हणत होता, मला घामच आलेला नाही. हा गृहस्थ सकाळपासून निष्ठेने नुसते पाणी पीत होता, खात काहीच नव्हता. तीन मैलांवरच्या निवाऱ्यापाशी त्याला मळमळू लागले, डोके धरले, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही अजून पाणी पाजणार होतो, तेवढ्यात तेथील रेंजरने थांबवले: मीठ न घेता पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली जाते आणि लक्षणे उष्माघातासारखीच दिसू शकतात. खारे शेंगदाणे हळूहळू खायला देऊन त्याला सावलीत बसवले, आणि चार वाजून गेल्यावर आम्ही उठलो.

तासाला अर्धा ते एक लिटर पाणी धरा, आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी खारट पोटात गेलेच पाहिजे, असा नियम करा. दीड आणि तीन मैलांवरच्या नळांना उन्हाळ्याच्या मोसमातच पाणी असते, आणि दरी ओलांडून येणारी जलवाहिनी वरचेवर फुटते. त्यामुळे आदल्या संध्याकाळी चौकशी करूनच बाटल्यांचा हिशेब करा.

आतकरवाडी:
दोघांचेही आभार. बाबांना हे वाचून दाखवले. सिंहगडावर पिठलं-भाकरी चढून गेल्यावर मिळते, इथे चढायच्या आधी खायची म्हणजे भलताच प्रकार आहे, असे म्हणून त्यांनी माघार घेतली. आता पाचला निघायचे, आईबाबा व आणखी दोघे दीड मैलांवरच्या निवाऱ्यापासून परततील, बाकीचे तीन मैलांपर्यंत जातील, असे ठरते आहे. गट असा विभागणे चालेल ना?

कातळमाची:
चालेल, पण प्रत्येक तुकडीकडे स्वतःचे पाणी, खाऊ, प्रथमोपचाराचे साहित्य आणि गाडीची किल्ली हवी, कारण काठाखाली फोनची रेंज जवळपास नसतेच. मागे फिरण्याचे ठिकाण नव्हे, वेळ ठरवा. तीन मैल गाठले असोत वा नसोत, साडेसातला सर्वांची तोंडे वर.

घसारा:
एक राहिले. या वाटेवर खेचरांचे तांडे असतात. ते दिसताच सर्वांनी एकाच बाजूला, डोंगराला पाठ लावून उभे राहावे, दरीकडच्या कडेला कोणीही जाऊ नये, आणि हाकणारा सांगेपर्यंत हलू नये. शिवाय नळ सुरू असेल तिथे टोपी आणि शर्ट चिंब भिजवून घ्या. त्या हवेत दोन्ही थोड्याच वेळात वाळतात, तेव्हा पुढच्या नळापाशी पुन्हा भिजवा.