केसरबाई आणि ३२ पानांचा हिशेब
शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं चित्रचरित्र ३२ पानांत मावत नाही, असं काहीजण म्हणतात. मावतं. १६ पानी दोन फर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेले पानांचे दोन गठ्ठे. शीर्षक-श्रेयाची पानं वजा केली की १४ जोडपानं (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) उरतात, प्रत्येकी ४० शब्द पुरेत. जन्मापासून सुरुवात केली तर निम्मं पुस्तक गुरूंच्या नावांतच संपतं. त्यापेक्षा १९७७च्या व्हॉयेजर अवकाशयानापासून उघडा: त्यात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, तिच्यावर बाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. मग मागे, गोव्यातल्या केरी गावात. आणि चित्रकाराला खरा तानपुरा दाखवाच! नाहीतर त्यावर सतारीसारखे पडदे काढले जातात. तानपुऱ्याला पडदे नसतात. तारा सहसा चार, छेडायच्या मधल्या बोटाने आणि तर्जनीने.