ड्रायरचा ड्रम फिरतो पण हवा गार. मध्येच बंदही पडतो

प्रश्न: ओलेकपडे

ड्रायर मागच्या पाइपने बाहेर हवा सोडणारा आहे, विजेवरचा. पाटीवर 230 व्होल्ट आणि हीटर 2000 वॅट असं लिहिलंय. आधी कपडे वाळायला जास्त वेळ लागू लागला. मग चालता चालता बंद पडायला लागला. अर्धा तास गेला की पुन्हा सुरू व्हायचा. आता ड्रम फिरतो, टायमरही पुढे सरकतो, पण हवा गारच येते. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंच्या भुशाची) जाळी दर वेळी साफ होते. मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो. हीटर गेला असं धरून नवा मागवू, की आधी दुसरं काही तपासू? आणि मध्येच बंद पडण्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर: ओहमचा_नियम

हीटर मागवू नका. लक्षणं ज्या क्रमाने आली तो क्रम नीट बघा: आधी वेळ वाढला, मग मध्येच थांबणं, शेवटी उष्णताच गेली. हवेची वाट तुंबली की नेमकं याच क्रमाने सगळं होतं. हीटरवरून पुरेशी हवा गेली नाही की त्याची पेटी वाजवीपेक्षा तापते आणि थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा स्विच) हीटरला सारखा तोडत राहतो, म्हणून कपडे ओले राहतात. आतली गरमी आणि मोटरवर बसलेलं लिंट यांमुळे मोटरही तापते. तिच्यातला ओव्हरलोड स्विच तिला बंद करतो आणि ती निवली की पुन्हा जोडतो. तुमचा अर्धा तास तिथे जातो. हे चालूच राहिलं तर थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग, उडतो. तो एकदा उडला की आपोआप परत जुळत नाही. काही मॉडेलमध्ये तो फक्त हीटरच्या वाटेत असतो, काहींत मोटरच्या, म्हणून तुमचा ड्रम फिरतोय यावरून फ्यूज चांगला आहे असं समजू नका.

आता मोजमाप. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मागचा पत्रा उघडा, एकही तार सुटायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक भाग मोजताना त्याची किमान एक तार सुटी हवी, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने फिरून चुकीचा आकडा दाखवेल.

हीटर: 230 × 230 ÷ 2000, म्हणजे साधारण 26 ओहम. दोनेक ओहम इकडेतिकडे चालेल. आत 1000 वॅटच्या दोन कॉइल वेगवेगळ्या असतील तर प्रत्येकी 53 च्या आसपास. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली आहे. मग मीटर सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून हीटरचं एक टोक आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये मोजा. ही चाचणी बरेच जण टाळतात. इथे काही शे किंवा काही हजार ओहम आले तर कॉइल बॉडीला लागली आहे. आतला आकडा बरोबर असला तरी तो हीटर बाद.

थर्मल फ्यूज आणि थर्मोस्टॅट गार असताना शून्याच्या जवळ दाखवायला हवेत. एखाद्या थर्मोस्टॅटच्या मधोमध बारीक बटण असेल तर तो हाताने रीसेट करायचा प्रकार. दाबल्यावर टक् आवाज आला तर तोच उडालेला होता. थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे ओहम बदलणारा सेन्सर) मात्र मीटरच्या बीपवर, म्हणजे वाट जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या रेंजवर, तपासू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो 25 अंशांना 10 किलोओहमच्या आसपास असतो आणि तापवला की आकडा सलग खाली यायला हवा. अडखळला किंवा उडी मारली तर बदला.

उत्तर: पाइपवाला

वरचं सगळं पटतं. हवेच्या बाजूचं मी लिहितो.

जाळी साफ दिसते आणि तरी बंद असू शकते. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी शीट वापरत असाल तर त्यांचा चिकट थर जाळीवर बसतो. नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं तर भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. जाळी ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी लिंटचा गठ्ठा असतो, तो लांब ब्रशने काढा.

मग बाहेरचा पाइप. तो सोडवा आणि ड्रायर गार हवेवर चालवून मागच्या तोंडाशी हात धरा. पाइप नसताना झोत जोरात आणि पाइप लावल्यावर मंद, तर दोष पाइपचा. भिंतीबाहेरची झडप अडकलेली असते किंवा यंत्र मागे सरकवताना पाइप चेपलेला असतो. प्लास्टिकचा किंवा फॉइलचा सुरकुत्यांचा पाइप असेल तर काढूनच टाका. त्या वळ्यांमध्ये लिंट बसतं आणि ते फार पटकन पेट घेतं. 100 मिलिमीटरचा गुळगुळीत धातूचा पाइप घ्या. सांधे अॅल्युमिनियमच्या टेपने जोडा. स्क्रू मारला की आत आलेल्या टोकाला लिंट लटकतं. 90 अंशांचं प्रत्येक वळण म्हणजे सुमारे दीड मीटर जादा लांबी असं धरा.

पाइप काढूनही झोत मंदच असेल तर पंखा बघा. त्याच्या पात्यांत पायमोजा किंवा रुमाल गेलेला असतो, किंवा प्लास्टिकचं भोक झिजून पंखा दांड्यावर नुसता घसरतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा ड्रायर गॅसवरचा असेल तर पाइप काढून तापवून बघू नका. कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

उत्तर: दोन_फेज

इतरांसाठी एक भर. अमेरिकेतल्या 240 व्होल्टच्या ड्रायरमध्ये मोटर बहुधा 120 वर आणि हीटर 240 वर चालतो. मोटरची सोडून दुसरी फेज गेली की ड्रम फिरतो आणि हवा गार. तिथे यंत्र उघडण्याआधी जोड ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चढवा. 230 व्होल्टवाल्यांनी प्लगच्या पिना काळवंडल्यात का ते पाहा. 2000 वॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. बारीक एक्स्टेन्शनवर हा भार अजिबात टाकू नका.

ओलेकपडे

मोजलं. हीटर 26.3 ओहम, बॉडीला काही नाही. थर्मोस्टॅट ठीक. थर्मल फ्यूज तुटलेला. पाइपच्या पहिल्याच वळणात लिंटचा घट्ट बोळा निघाला. नवा फ्यूज येईपर्यंत तार जोडून चालवला तर चालेल का?

उत्तर: ओहमचा_नियम

नाही, एकदाही नाही. थर्मोस्टॅट चिकटला तर हीटरला थांबवणारा तो शेवटचा भाग आहे, आणि त्याच्या भोवती लिंट आहे. तोवर कपडे दोरीवर वाळू द्या.

नवा फ्यूज त्याच मॉडेलचा घ्या. त्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर जुन्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. जास्त तापमानाचा टिकेल म्हणून तो लावू नका. हीटरच्या पेटीवरचा थर्मोस्टॅटही सोबत बदला. तो इतके दिवस सारखा तुटत-जोडत होता, त्याचे संपर्क झिजलेले असणार, आणि गार असताना बीप देणारा थर्मोस्टॅट गरम झाल्यावर उघडतोच असं नाही. तारांचे लग (टोकाचे धातूचे जोड) सैल वाटले तर पक्कडीने किंचित दाबून घट्ट करा. काळे पडलेले कापून नवे लावा.

पत्रा उघडाच आहे तर तळाचं आणि मोटरवरचं लिंट व्हॅक्यूमने ओढून घ्या. ड्रम हाताने फिरवा: पट्ट्याचा ताण जाणवायला हवा. अगदी मोकळा फिरला तर पट्टा तुटलाय, खरखर आली तर रोलर झिजलेत.

सगळं बसवल्यावर, पत्रा लावून, आधी रिकामा 10 मिनिटं गरम चालवा, मग अर्धा भार टाका. वाट मोकळी असूनही मोटर मध्येच थांबली तर तिचा कॅपॅसिटर मोजा (आधी डिस्चार्ज करून). छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा 10 टक्क्यांहून कमी भरला तर बदला. कॅपॅसिटर चांगला निघाला आणि तरी मोटर नुसती गुणगुणत तापते, तर मोटरच्या बेअरिंगकडे वळा. पत्रा बंद करताना अर्थची हिरवी-पिवळी तार त्याच स्क्रूला परत आवळली आहे ना, ते फोटोशी ताडून बघा.