साडेअकरा हजार पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा करायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

ग्रंथालय_नागपूर

नमस्कार. मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक आहे. बारा वर्षांत जमवलेल्या साधारण साडेअकरा हजार पीडीएफ आमच्याकडे आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका, प्राध्यापकांच्या नोट्स, अभ्यासक्रम, आणि विदर्भाच्या इतिहासावरची आता कुठे मिळत नाहीत अशी पुस्तकं, स्कॅन केलेली. त्यातलं बरंचसं स्कॅनिंग मी स्वतः केलंय.

यंदा बी.ए.ला काटोलकडची एक मुलगी आली. तिला अजिबात दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. मी तिला इतिहासाच्या नोट्स उघडून दिल्या आणि तिचा एक इअरफोन माझ्या कानात घातला. स्क्रीनवर मला स्वच्छ मराठी दिसत होतं, कानात मात्र भलतंच काही येत होतं. मग तिनं बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकवलं: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. "मॅडम, इथे काय लिहिलंय?" तिनं विचारलं. तिथे 'नागपूर' लिहिलं होतं.

पुढची फाईल स्कॅन केलेली होती, तिच्यात तर काही वाचायलाच नव्हतं. तासाभरात नऊ फायली उघडल्या, एकच धड वाचली गेली. "राहू द्या, मैत्रिणीकडून वाचून घेते," म्हणून तिनं लॅपटॉप मिटला. तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

हाताशी मी आणि अर्धवेळ येणारा एक मुलगा, पैसे जवळजवळ नाहीत. रोज दहा फायली दुरुस्त करायच्या म्हटल्या तरी तीन वर्षं जातील, तोवर तिची पदवी होऊन जाईल. काय आधी घेऊ? आणि पुस्तकांचं रूपांतर करायला कॉपीराइटची अडचण येते का?

महाल_डीटीपी

ताई, मी पंचवीस वर्षं डीटीपी करून राहिलो. तुमची ती फाईल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवमध्ये फाईलच्या पोटात इंग्रजी 'यू' हेच अक्षर असतं, फॉन्ट त्यावर फक्त 'न'चा आकार चढवतो. छापायला ते पुरत होतं. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आकार दिसत नाही, त्याला पोटातलं अक्षरच कळतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांचंही तसंच.

मूळ वर्ड फाईल मिळाली तर कन्व्हर्टरनं युनिकोड करा, म्हणजे फाईलच्या पोटातही खरं मराठी अक्षरच येईल. पण आंधळा विश्वास ठेवू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे 'स्थिती', 'वार्षिक' असल्या शब्दांत घोळ होतो. कन्व्हर्ट झाल्यावर आधी तेच शोधून पाहा.

आणखी एक सांगतो, कारण खरी गाठ इथेच आहे. तुमच्या ऑफिसात आजही कोणीतरी कृतिदेवमध्येच नोटीस टाइप करत असेल. त्याला युनिकोड म्हणजे नव्यानं टायपिंग शिकणं वाटतं. तसं नाही. रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखा, तोच कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो, बोटं तिथेच पडतात. त्याच्या शेजारी बसून कीबोर्ड लावून द्या, नाहीतर तुम्ही मागचं साफ कराल आणि पुढून तसंच येत राहील.

पायथनवाला_हिंगणा

हातानं एकेक फाईल उघडू नका, आधी वर्गवारी करा. पीडीएफफॉन्ट्स नावाची मोफत आज्ञावली प्रत्येक फाईलमधले फॉन्ट सांगते. एकही फॉन्ट नाही म्हणजे बहुधा स्कॅन. नावात कृतिदेव किंवा श्री आलं तर दुसरा ढीग. उरलेला तिसरा. छोटी स्क्रिप्ट लिहिली की साडेअकरा हजारांची यादी सहज निघेल.

स्कॅनसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. त्याला ओसीआर-माय-पीडीएफ ही आज्ञावली, त्यात टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी मॉडेल. रात्री लावून जा. पण एका ठिकाणी मी स्वतः फसलोय: मजकूर असलेली पानं वगळण्याचा पर्याय दिला, तर कृतिदेवच्या फायलीही वगळल्या जातात! यंत्राच्या लेखी त्यांत मजकूर आहेच. मी तेव्हा काम पूर्ण झालं म्हणून अहवाल देऊन मोकळा झालो होतो. त्या ढिगाला सक्तीनं ओसीआर करण्याचा पर्याय वापरा. मग तो पानाचं चित्र करून आकारावरून वाचतो, आणि मूळ फाईल हरवली असेल तरी युनिकोड मजकूर हाती येतो.

धंतोली_एनव्हीडीए

मॅडम, मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो. दोघांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण ओसीआर झालं म्हणजे फाईल वाचण्याजोगी झाली असं समजू नका. ओसीआर फक्त अक्षरं देतं. शीर्षक कुठलं, तक्ता कुठला, हे सांगत नाही. तुम्ही पान चाळता तसं मी एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. शीर्षकंच नसतील तर दोनशे पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं. आणि परीक्षेचं वेळापत्रक मी कसं ऐकलंय सांगू? "साडेदहा, साडेदहा, अडीच, साडेदहा." कुठल्या विषयाचं, कुठल्या तारखेचं, काहीच नाही. त्या पेपराला मला शेजारच्या काकूंना विचारून जावं लागलं होतं.

म्हणून माझा क्रम असा. या सेमिस्टरला त्या मुलीला जे लागतं ते पहिलं: अभ्यासक्रम, वेळापत्रक, तिच्या विषयांच्या नोट्स. ते वर्डमध्ये नीट करा, शीर्षकाला शीर्षकाचीच स्टाईल द्या, नुसतं ठळक नको. तक्त्याची पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नेमा, भाषा मराठी ठेवा. पीडीएफ करताना 'सेव्ह अॅज' वापरा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की ही सगळी रचना पुसली जाते. खरं तर तिला वर्डची फाईलच दिली तरी चालेल. बाकीच्या हजारोंना नुसतं ओसीआर करून ठेवा आणि फाईलजवळ लिहा: 'हवी असल्यास नीट करून देऊ, कळवा.' मागणी येईल तशी घ्या.

कॉपीराइटची भीती बाळगू नका. २०१२च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तींच्या वापरासाठी, नफा न घेता, सुलभ स्वरूपात रूपांतर करता येतं. फक्त ती प्रत इतरांत फिरणार नाही याची काळजी घ्यायची. आणि मेहनत घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. २०१६ पासून ते चालू आहे, पुस्तक आधीच तयार असू शकतं.

ग्रंथालय_नागपूर

तिघांचेही मनापासून आभार. यादी निघाली. कृतिदेवचा ढीग मी समजत होते त्याच्या दुपटीहून मोठा आहे. ऑफिसातल्या भाऊंच्या मशीनवर रेमिंग्टनचा युनिकोड कीबोर्ड लावून दिला. पहिल्या दिवशी ते नाराज होते, परवा त्यांनीच विचारलं, "मॅडम, जुनी परिपत्रकंही करून देऊ का?"

तिच्या चार विषयांचे अभ्यासक्रम आणि वेळापत्रक वर्डमध्ये नव्यानं केलं. काल ती आली, इअरफोन लावला आणि एच, एच, एच करत थेट तिसऱ्या घटकावर गेली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, पान ४ वर अनुस्वार गेलाय, 'अंक'चं 'अक' झालंय." शोधलं, खरंच गेला होता.

आता भूगोलाच्या नोट्स घेतल्यात. त्यात वैनगंगेच्या खोऱ्याचा नकाशा आहे, त्याखाली फक्त 'आकृती ३' एवढंच छापलंय. धंतोलीचे सर, नकाशाचं वर्णन लिहिताना आधी काय सांगावं, दिशा की नद्यांची नावं?